लहरींच्या मिरवणुकीलाही मानाचा क्रम हवा

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती कोणत्या क्रमाने निघतात, हे पुणेकराला सांगावे लागत नाही. कसबा पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि पाचवा आमच्या नारायण पेठेतल्या केसरीवाड्याचा. रस्ता एक आणि जाणारे अनेक, म्हणून ही रूढी पडली. हेच शहाणपण आता डोक्यावरच्या आकाशातही लागणार आहे.

आकाशात गर्दी कसली, असे वाचक विचारतील. ‘हॅम’ म्हणजे हौशी बिनतारीवाले. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या यंत्रावरून जगाशी बोलायचे, असा हा छंद आहे. वयाची बारा वर्षे झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. हातातल्या छोट्या संचाची हाक इमारती आणि टेकड्यांआड अडते, म्हणून उंच जागी ‘रिपीटर’ बसवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवरून जोराने सांगतो. रिपीटर सिंहगडाएवढ्या उंचीवर असला, तर पेठेतल्या गच्चीवरचा आवाज घाट ओलांडू शकतो.

अडचण जागेची आहे. या कामाचा आपल्याकडचा मुख्य पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा दोन मेगाहर्ट्झचा. अमेरिकेतल्या हौशींना याच ठिकाणी चार मिळतात. त्यातला १४५.८च्या वरचा भाग उपग्रहांसाठी मोकळा ठेवायचा असतो. आपल्या ‘इस्रो’ने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ तिथूनच बोलत असे. शिवाय प्रत्येक रिपीटरला ६०० किलोहर्ट्झच्या अंतराने दोन लहरी लागतात. वरच्या पट्ट्यात जा म्हणावे, तर तिथेही ४३५ ते ४३८ हा तुकडा उपग्रहांच्याच वाटणीचा.

या दाटीत आता डिजिटल पाहुणे आले आहेत. जपानी हौशींच्या संघटनेने घडवलेला ‘डी-स्टार’, कारखाने आणि पहारेकऱ्यांच्या संचांसाठी युरोपात ठरलेला ‘डीएमआर’ आणि एका जपानी कंपनीचा ‘फ्यूजन’. हे पाहुणे गुणी आहेत, यात वाद नाही. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाटेवर ‘डीएमआर’ आळीपाळीने दोन संभाषणे चालवतो. आवाज स्वच्छ येतो आणि बोलणाऱ्याचे चिन्ह पडद्यावर उमटते. पण या तिघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि जुन्या एफएम संचाला तिघांचीही नाही.

खरा धोका इथेच आहे. ‘आधी ऐका, मग बोला’ हा हौशींचा पहिला संस्कार. जुन्या संचाला डिजिटल बोलणे नुसती घरघर वाटते, आणि डिजिटल संच साधा मानवी आवाज मालकापर्यंत पोचवतच नाही. दोघेही सभ्य, दोघेही कान देऊन ऐकणारे, तरी दोघे एकमेकांच्या बोलण्यावर पाय देणार! जिथे कान फसतो, तिथे आधी कागदावर वाटणी करावी लागते.

अमेरिकेत हौशींनीच मान्य केलेले समन्वयक प्रदेशवार लहरी सुचवतात. दोन रिपीटरांची टक्कर झाली, तर समन्वय न घेतलेल्याने ती दूर करण्याची मुख्य जबाबदारी उचलावी, असा तिथला सरकारी नियम आहे. आपल्याकडे परवाना दिल्लीहून येतो. पण कोणत्या डोंगराची सावली कुठे पडते, हे दिल्लीतल्या फायलीला कसे कळावे? ते पुणे, सातारा, मुंबई, नाशिकच्या हौशींनी एकत्र बसूनच ठरवले पाहिजे.

काही तरुण मंडळी म्हणतात, जुने एफएम आता मोडीत काढा. तिथे मात्र आमचा विरोध आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरले होते. त्या आठवणीच्या गावाने तरी संकटकाळाचा विचार सोडू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात आणि २००१च्या भूजमध्ये हौशी बिनतारीवाले धावून गेले. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानात असलेल्या भारती प्रसाद यांच्या केंद्राने बाहेरच्या जगाशी धागा जोडला. अशा वेळी ज्याच्या हाती जो संच असेल, त्याला बोलता आले पाहिजे. डिजिटल रिपीटर दूरच्या गावांशी बहुधा इंटरनेटने जोडलेले असतात, आणि पुरात तीच तार आधी तुटते.

म्हणून चार साध्या गोष्टी कराव्यात. प्रत्येक मोठ्या डोंगरावर निदान एक रिपीटर साध्या एफएमचा आणि बॅटरीवर चालणारा ठेवावा. नव्या डिजिटल रिपीटराने परवान्याचा अर्ज करण्याआधी शेजारच्या जिल्ह्यांची संमती घ्यावी. कायमची लहर देण्यापूर्वी काही आठवडे चाचणी व्हावी. आणि कोणती लहर कोणाकडे, याची यादी सर्वांना पाहता यावी. बंद पडलेल्या रिपीटरांनी अडवलेल्या लहरीही त्या यादीत दिसतील आणि नव्यांना जागा सापडेल.

यात कोणाचाच मान कमी होत नाही. लक्ष्मी रस्त्यावर दोन मंडळांचे कर्णे समोरासमोर आले की कोणाचीच आरती ऐकू येत नाही, हे आपण अनुभवले आहे. आकाशात तसे होण्याआधी हौशी मंडळींनी पंगतीची पाने मांडून घ्यावीत.