रिपोर्ट नॉर्मल, तक्रार कायम

समजा, बाविशीच्या दोन मुली. दोघींचे एकूण टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. एकीची काहीच तक्रार नाही. दुसरी भुवयांसोबत हनुवटीचेही थ्रेडिंग करून घेते आणि तिची पाळी दोन-दोन महिने लांबते. आपण दोघींना सांगतो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे.’ पहिलीपुरते ते खरे असते.

घोळ एसएचबीजीत आहे. यकृतात तयार होणारे हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवते. अल्ब्युमिनची पकड सैल असते आणि पूर्ण मोकळे उरते ते जेमतेम एक-दोन टक्के. पहिलीचे एसएचबीजी ६० नॅनोमोल प्रति लिटर आणि दुसरीचे २० असेल, तर मुक्त अँड्रोजन निर्देशांक पहिलीचा २.९ येतो, दुसरीचा ८.७. टेस्टोस्टेरॉन भागिले एसएचबीजी, गुणिले शंभर, एवढेच गणित. मात्र दोन्ही आकडे नॅनोमोलमध्ये हवेत, म्हणून नॅनोग्रॅमच्या आकड्याला आधी २८.८ने भागायचे. हा निर्देशांक पुरुषांना लावू नये.

दुसरीचे एसएचबीजी उतरले कशाने? थायरॉइड मंद असेल तरी ते उतरते, पण बहुतेकदा कारण असते वाढलेले इन्सुलिन. आणि त्यासाठी ती लठ्ठ दिसायला हवी असे नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या ओपीडीतल्या ‘बारीक’ मुलीकडे बघताना तो फोटो आठवावा.

गोळ्यांचेही विचारा. पाळी नियमित व्हावी म्हणून दिलेल्या संयुक्त गोळ्यांनी एसएचबीजी वाढते, टेस्टोस्टेरॉन दबते आणि कागदावर सगळे छान दिसते. गोळ्या थांबवून तीन महिने गेल्याशिवाय ही तपासणी करण्यात अर्थ नाही. तेवढे दिवस गर्भनिरोधाची दुसरी सोय सांगावी लागते. शिवाय बायकांमधली कमी पातळी साध्या इम्युनोअसेला नीट मोजता येत नाही. आकडा आणि रुग्ण जुळत नसतील तर मास स्पेक्ट्रोमेट्रीवर फेरतपासणी मागवावी.

पुरुषांचा नमुना सकाळी, उपाशीपोटी घ्यावा. पेठ-सुरगाण्याहून एसटीने निघालेला तरुण नाशकात पोहोचून बारा वाजता रक्त देतो आणि त्या एका आकड्यावर इंजेक्शने सुरू होतात. कमी आलेला आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासल्याशिवाय औषध लिहू नये. त्याला मुक्कामाला या म्हणणे जिवावर येते, मान्य. पण इंजेक्शनांनी शुक्रजंतू घटतात, आणि तो बहुधा मूल होत नाही म्हणूनच आलेला असतो.

‘हार्मोन प्रोफाइल’ एवढेच लिहून चिठ्ठी देण्याची सवय आपण सोडू या. एलएच-एफएसएचचे गुणोत्तर पीसीओएसच्या निकषांत नाही, तरी अजून त्यावर निदाने होतात. चिठ्ठीवर शंका काय, पाळीचा दिवस कितवा, गोळ्या कोणत्या, हे लिहा. लॅबवाल्या मित्रांनी नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टवर छापावी. ती ठळक छापा, कोपऱ्यात नको.