डोक्याला ताप नव्हे, खपली!

सोमवार, सकाळचे अकरा. कॉन्फरन्स रूममध्ये बॉसचं प्रेझेंटेशन अगदी रंगात आलेलं आणि टेबलाखाली माझा मोबाइल थरथरला. मानवतहून बायकोनं फोटो पाठवला होता. आमच्या दीड महिन्याच्या लेकीच्या डोक्याचा. गुलाबी टाळूवर पिवळट, तेलकट, जाडसर पापुद्रे. भजी तळून झाल्यावर कढईच्या काठाला पिठाचा थर धरतो ना, अगदी तसे. खाली एकच ओळ : 'हे काय झालंय रे?'

आता अशा वेळी शहाण्या नवऱ्यानं काय लिहावं? मी लिहिलं, 'नीट धुतेस ना डोकं?'

बस्स. चार शब्द. त्यानंतर दोन दिवस फोन नाही.

दरम्यान, लंच टेबलावर फोटो फिरला आणि ऑफिसातल्या तमाम बिनलग्नाच्या बालरोगतज्ज्ञांनी मतं दिली. एकानं अॅलर्जी ठरवली, दुसऱ्यानं ऑलिव्ह ऑइल सुचवलं, तिसरी म्हणाली लिंबू लाव. चौथ्याला बाळात इंटरेस्टच नव्हता. 'मानवत म्हणजे ते मर्डर्सवालं?' एवढंच त्यानं विचारलं. 1970च्या दशकातल्या त्या खटल्यावर 2024मध्ये वेब सिरीज आली आणि माझ्या सासुरवाडीची ओळख तेवढीच उरली. तिथं कापसाची केवढी मोठी बाजारपेठ आहे, हे कोणी विचारत नाही. असो.

शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली. माजलगाव, पाथरी करत पहाटे मानवतला उतरलो, तर रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेले ट्रॅक्टर लाइनीत उभे. घरी पोचलो, तर तिथं एका टीचभर डोक्यावर राउंड टेबल कॉन्फरन्स चाललेली. सासूबाईंच्या मते दोषी बोअरचं पाणी. शेजारच्या काकूंच्या मते नजर. न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या मते तेल कमी पडलं. माझ्या आईनं पुण्याहून फोनवर निकाल दिला होता की, आजकालच्या मुलींना घासून न्हाऊ घालायचा कंटाळा. आणि आजेसासूबाई म्हणजे आज्जी, खोबरेलाची वाटी घेऊन शांत बसलेल्या. 'जावईबापू, उगं काळजी करायलाव. टाळू भरू द्या लेकराची. समदं बरं होतं.'

या सगळ्यात जिचं लेकरू, ती कोपऱ्यात गप्प होती. रात्री कळलं की तिनं आदल्या दिवशी नखानं एक पापुद्रा काढायचा प्रयत्न केला होता. खालची कातडी लाल झाली आणि रक्ताचा एक ठिपका आला. 'मला वाटलं, खरंच मी नीट धूत नाही,' ती म्हणाली. तेव्हा माझ्या त्या चार शब्दांची किंमत कळली, बॉस.

शनिवारी परभणी गाठली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' उगाच म्हणत नाहीत! तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी दिव्याखाली डोकं पाहिलं, कानामागं पाहिलं, मान, काखा, लंगोटाची जागा पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते बायकोकडे बघून. 'आई, तुमचं काही चुकलेलं नाही.' बायको तिथंच रडली. मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक मन लावून वाचत बसलो.

तर मंडळी, या प्रकाराला इंग्रजीत 'क्रेडल कॅप' म्हणतात, म्हणजे पाळण्यातली टोपी. आपल्याकडे कुंचीतली खपली म्हणू या. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ती बऱ्याच बाळांना होते. अस्वच्छतेमुळे होत नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. बाळाला सहसा खाजही येत नाही. म्हणजे त्रास बघणाऱ्यांना, बाळ मजेत. नेमकं कारण पक्कं ठाऊक नाही, पण डॉक्टर दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. एक, पोटात असताना आईकडून मिळालेली हार्मोन्स जन्मानंतरही काही काळ असर दाखवतात, त्यामुळे डोक्यावरच्या तेलग्रंथी ओव्हरटाइम करतात. दोन, 'मॅलेसिझिया' नावाची एक सूक्ष्म बुरशी. एकोणिसाव्या शतकातल्या मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव तिला दिलंय. घाबरू नका, ती तुमच्या-माझ्या डोक्यावरही आहे. आपल्या कोंड्यातही तिचाच हात असतो.

आता गंमत ऐका. ही बुरशी जगते कशावर? तेलातल्या फॅटी अॅसिडवर! म्हणजे आज्जी प्रेमानं वाटीभर तेल टाळूवर जिरवत होत्या, न्हाणं झाल्यावर परत तेल, वरून कुंची घट्ट बांधलेली... आणि बुरशीची रोज दिवाळी. ऑलिव्ह ऑइलवाल्या मित्रालाही मी हे कळवलं. ते तेल तर बाळाच्या कातडीचं संरक्षक आवरण कमजोर करू शकतं.

आणि टाळू? ती तेलानं भरत नाही. कवटीची हाडं वाढून एकमेकांना भिडतात तेव्हा ती भरते. मागची दोन-तीन महिन्यांत, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. तिच्यावर चिवट पडदा असतो, त्यामुळे हलक्या हातानं धुतलं तर काही होत नाही. आमच्याकडे घोळ नेमका इथंच होता. टाळूला धक्का लागेल म्हणून सगळे तेवढी जागा सोडून धुवायचे आणि तेल मात्र तिथंच ओतायचे. पापुद्रेही सगळ्यात जाड तिथंच.

मॅडमनी सांगितलेला इलाज एवढा सोपा की फी देताना जीव थोडा खालीवर झाला. अंघोळीआधी पेट्रोलियम जेली किंवा बेबी ऑइलचा (ते खनिज तेल असतं) पातळ हात फिरवायचा. पंधरा मिनिटं थांबायचं. पापुद्रे मऊ पडले की बाळाच्या अगदी मऊ ब्रशनं हळूच फिरवायचं. मग सौम्य बेबी शाम्पूनं धुऊन सगळं तेल काढून टाकायचं. डोकं टिपून कोरडं करायचं. सुरुवातीला दिवसाआड, नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा. जेवढं आपणहून निघेल तेवढंच काढायचं. त्याबरोबर चार केस आले तरी घाबरायचं नाही, ते परत येतात. हे काहीच केलं नाही तरी बहुतेक बाळांची खपली पहिल्या वर्षात आपोआप जाते.

न करायच्या गोष्टींची यादी मात्र मोठी निघाली. नख नाही. लिंबू नाही. डाळीच्या पिठानं खसाखसा घासणं नाही. केस वाळवायला ओव्याची धुरी नाही, तो धूर बाळाच्या छातीत जातो. मोठ्यांचा अँटी-डँड्रफ शाम्पू आपल्या मनानं नाही. आणि मेडिकलमधून कोणी 'ही ट्यूब लावा, दोन दिवसांत साफ' म्हणून काही दिलं तर तेही नाही. अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि बाळाची कातडी ते आपल्यापेक्षा जास्त शोषून घेते. लागलंच, तर किती आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील.

आणि डॉक्टरकडे पळायचं कधी? जागा लाल होऊन पाणी सुटलं, वास आला किंवा सूज दिसली तर. खपली चेहऱ्यावर, मानेच्या किंवा काखेच्या घड्यांत पसरली तर. बाळ खाजेनं बेचैन झालं तर. एका जागचे केस तुटून चट्टा पडला तर, कारण तो नायटा असू शकतो. वर्ष उलटलं तरी हटत नसेल तर. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर कारण काहीही असो, लगेच.

एवढं ज्ञान घेऊन परतलो. आता खरी परीक्षा : आज्जी. ऐंशी वर्षांच्या बाईला, जिनं सात लेकरं आणि कोण जाणे किती नातवंडं तेलात बुडवून वाढवली, तिला मी तेलातली फॅटी अॅसिडं समजावणार होतो! पण बायकोच पुढं झाली. 'आज्जी, तेल बंद नाही करायचं. फक्त वेळ बदलायची. अंघोळीच्या आधी तूच लाव हे बाटलीतलं. धुवायचं काम माझं.'

आज्जींनी बाटलीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि मग दोन बोटांवर थेंबभर घेतलं. मावशींनी पाय लांब करून बाळाला पिंडऱ्यांवर घेतलं. पंधरा मिनिटं झाली. बायकोनं पहिल्यांदाच, न घाबरता, टाळूवरून ब्रश फिरवला. ओल्या कागदासारखे तीन-चार पापुद्रे अलगद सुटून आले. आज्जी वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'आमच्या टायमाला कोणी सांगितलंच नाही माय.' त्यांच्या थोरल्या लेकीच्या वेळी सासूनं महिनाभर बोलणी खाऊ घातली होती. याच खपलीवरून. आज्जींनी ते तेव्हाच पहिल्यांदा घरात सांगितलं.

एका आज्जीला साठ वर्षांपूर्वी, एका नातीला आत्ता. खपली तीच, बोलणीही तीच, आणि ऐकून घेणारी कायम आई. बापाला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही की, 'काय रे, नीट धुतोस ना डोकं?' मीही विचारणाऱ्यांतलाच निघालो. पुण्याला परत निघण्याआधी रविवारचं डोकं मी धुतलं. मावशी हसत होत्या, शाम्पू माझ्या कोपरापर्यंत आला, पण धुतलं.

महिन्याभरानंतरचा सोमवार, सकाळचे अकरा. तीच कॉन्फरन्स रूम, तेच प्रेझेंटेशन. मोबाइल थरथरला. मानवतहून फोटो : स्वच्छ, गुळगुळीत टाळू, मधोमध कापसासारखं उभं राहिलेलं जावळ. खाली एकच ओळ : 'नीट धुते मी. कळलं?'

टेबलाखालूनच उत्तर टाइप केलं. या वेळी एकच शब्द. सॉरी.