कारणे पाठ, कारण बेपत्ता!

अभ्यासक्रम बदलला की आपल्याकडे एक वादळ ठरल्या वेळी उठते. कोणता राजा पुस्तकात आला, कोणता बाहेर गेला, कोणाला दोन पाने मिळाली आणि कोणाची अर्ध्या पानावर बोळवण झाली, यावर सभा होतात, पत्रके निघतात, विधिमंडळात आवाज चढतात. २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ साली शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यामागोमाग नवी पाठ्यपुस्तके येऊ लागली, आणि प्रत्येक पावलावर हाच वाद नव्या दमाने रंगला. या वादाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. मुलांना काय शिकवावे हा प्रश्न राष्ट्राच्या जिव्हाळ्याचाच आहे. परंतु या गदारोळात इतिहासाच्या तासाला वर्गात प्रत्यक्ष काय घडते, हे पाहायला कोणालाच सवड नाही! पुस्तकात कोणीही असो. पंधरा वर्षांचा विद्यार्थी ते पुस्तक मिटून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या बुद्धीला कोणते वळण लागलेले असते, हा आमच्या मते याहून मोठा प्रश्न आहे.

आमच्या शालान्त परीक्षेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे: ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा.’ प्रश्न उत्तम आहे. इतिहासाच्या अभ्यासाचे सारे मर्म त्या एका ‘सकारण’ शब्दात साठवलेले आहे. पण उत्तर कसे येते? मार्गदर्शकात छापलेले चार मुद्दे, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत! पहिल्या मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध काय, चारांतला वजनदार कोणता, एखादा वगळला तर घटना टळली असती काय, याची विचारपूस कोणी करीत नाही. विद्यार्थी कारणांची मोळी बांधतो आणि परीक्षक काटक्या मोजून गुण देतो. हे आम्ही उंच आसनावरून सांगत नाही. संपादकाच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी काही वर्षे आम्हीही हाती खडू धरला होता, आणि फळ्यावर एक, दोन, तीन, चार असे मुद्दे लिहून ते मुलांकडून घोकून घेण्याचे पाप आमच्याही पदरी आहे.

त्या काळातला एक तास मात्र आम्हांला विसरता येत नाही. धडा होता १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी १२ मे १८७५ रोजी आसपासचे शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे त्यांनी मागितले आणि हाती लागले तेवढे जाळले. हा वणवा पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. आम्ही शिरस्त्याप्रमाणे कारण सांगितले: सावकारांची पिळवणूक. वर्गाने माना डोलावल्या आणि ते वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, सावकार तर आधीही होते. मग दंगा १८७५ मध्येच का झाला?”

त्या प्रश्नाने आमची बोलतीच बंद झाली. त्या मुलीने नकळत इतिहासाच्या अभ्यासाचे दार उघडले होते. जी गोष्ट पूर्वीपासून होती, ती एकटी नव्या घटनेचे कारण कशी होईल? आधी काय बदलले, ते शोधले पाहिजे. आणि सुप्यात काय बदलले हे शोधू गेले तर माणूस पार अमेरिकेला जाऊन पोहोचतो!

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तोवर अमेरिकेतून जात असे. तो थांबला आणि मँचेस्टरची नजर हिंदुस्थानकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या समभागांवर उड्या पडल्या. त्याच भरभराटीच्या दिवसांत प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला जी देणगी दिली, तिच्यातून उभा राहिलेला राजाबाई मनोरा मुंबईची मुले आजही येता-जाता पाहतात. हाच पैसा उचल म्हणून घाटावरच्या शेतकऱ्याच्या दारात गेला. सावकार मागेल तेवढे देत होता, कारण पीक सोन्याचे होते. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला, भाव गडगडले, मुंबईचा फुगा फुटला आणि सावकाराने हात आखडता घेतला. नेमक्या याच पडत्या काळात जमीनमहसुलाच्या तीस वर्षांच्या ठरावाची मुदत सरत आली, आणि १८६७ पासून इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून नवी आकारणी सुरू झाली. कित्येक गावांचा सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. उत्पन्न उतरते, सारा चढता आणि उसने देणारा पाठ फिरवलेला, अशा तिहेरी कोंडीत शेतकरी सापडला.

तरीही त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. सावकार जुनाच होता, पण त्याच्या हातातले हत्यार नवे होते. पूर्वी त्याला गावाच्या मर्जीत राहून वसुली करावी लागे. गाव फिरले तर त्याचा धंदा बसे. इंग्रजी अमलात त्याला दिवाणी न्यायालय मिळाले आणि अंगठा उठवलेल्या कागदापुढे गावाचा शब्द फिका पडला. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. घडले उलटेच! दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकऱ्यांनी सुप्यात कागदच का जाळले, याचा उलगडा येथे होतो. व्यक्तींवरचे हल्ले त्या मानाने थोडे होते. ज्या कागदाने त्याला बांधले, त्या कागदावर त्याचा राग होता.

परिणामांचेही तसेच. चौकशी आयोग बसला, १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. पण गहाणखतावर आता विश्वास उरला नाही, म्हणून काही सावकार सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. एका कायद्याचा हेतू आणि त्याचे फळ यांत किती अंतर पडू शकते, हे एवढ्या एका धड्यात मुलाला दोनदा दिसते.

आणखी एक गोष्ट. या दंग्यांचे कारण म्हणून कित्येक मुले ‘दुष्काळ’ असे लिहितात. तो मोठा दुष्काळ १८७६ साली सुरू झाला. दंगा १८७५ चा! कारण हे कार्याच्या आधी असावे लागते, एवढे भान ज्या सनावळीतून येत नाही ती पाठ करून लाभ कोणता? सनावळी हवीच, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ती हिशेबासाठी हवी, जपमाळेसाठी नव्हे.

सुप्याचा धडा येथेही संपत नाही. सरकारी महसूल हे दंग्याचे कारण होते काय, हे तपासण्याचे काम सरकारनेच नेमलेल्या आयोगाकडे होते; आणि दोष प्रामुख्याने सावकाराकडे जातो, असा त्याचा निष्कर्ष निघाला. आरोपी, न्यायाधीश आणि दप्तरदार एकाच घरचे असतील तर तो निकाल कसा वाचावा? तो फेकून द्यावा काय? मुळीच नाही, कारण शेतकऱ्यांच्या स्थितीची मोलाची माहिती त्याच अहवालात आहे. मात्र त्याच्या शेजारी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवावा लागेल, ज्यात सरकारी कारभार आणि नोकरशाही यांच्यावर ठपका आहे. १९७२ साली नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर या दंग्यांचे महत्त्वच फुगवले गेले आहे असा पक्ष मांडला, तोही विचारात घ्यावा लागेल. तिघांची साक्ष काढून, कोणाचे म्हणणे कोठवर खरे हे जो विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत मांडील, त्याला आम्ही इतिहास आला असे म्हणू.

“हे सगळे लहान मुलांच्या डोक्यावरून जाईल,” असा आक्षेप आमच्या कानांवर येतो. असे म्हणणाऱ्यांनी क्रिकेटचा सामना हरल्यानंतर दहावीच्या मुलांचा घोळका काय बोलतो ते एकदा ऐकावे! नाणेफेक गेली म्हणून हरलो की खेळपट्टी फिरली म्हणून, कर्णधाराचा एक निर्णय चुकला की संघनिवडच मुळात चुकली, तो एक झेल टिपला असता तर काय झाले असते, याचा काथ्याकूट ही मुले तासन् तास करतात. दूरचे कारण, जवळचे कारण आणि निमित्त यांतला भेद त्यांना उपजत कळतो. तीच मुले इतिहासाच्या तासाला मुकी होतात, कारण तेथे उत्तर आधीच ठरलेले असते. दुसरा आक्षेप वेळेचा. भाग पुरा करायचा, कवायत घ्यायची, सर्वेक्षणाची कामे करायची. शिक्षकाने चर्चा केव्हा घडवावी? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शिक्षकाने नव्हे, सरकारने द्यायचे आहे.

या प्रश्नाला आम्ही इतकी जागा का देत आहोत? १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बादशहाच्या कबरीवरून वाद पेटला, दंगल झाली, शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. अफवा आणि हातोहात फिरणारे संदेश यांचे तेल त्या आगीत पडले. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला इतिहास पुस्तकातून कमी आणि हातातल्या फोनवरून अधिक मिळतो. फोनवरच्या इतिहासाला कारण नेहमी एकच असते: ‘त्यांनी’ केले! सुप्याच्या सावकारांपैकी अनेक जण मारवाडी आणि गुजराती होते. ‘परके लुटारू आले आणि त्यांनी नाडले,’ हे उत्तर वहीत लिहायला सोपे आहे. पण तेवढे लिहून थांबलेल्या मुलाला मँचेस्टर दिसत नाही, महसुलाचा आकडा दिसत नाही, कायद्यातली फट दिसत नाही. त्याच्या हाती उरतो तो फक्त एका जमातीचा राग. असा मुलगा तीन वर्षांनी मतदार होतो, हे आपण विसरू नये.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. दहावीच्या पुस्तकाने २०१८ साली इतिहास कसा लिहिला जातो, या प्रश्नापासून आरंभ करून चांगले पाऊल टाकले होते. परीक्षेने त्याच्या जोडीने चालावे. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात दोन परस्परविरोधी छोटे उतारे द्यावेत आणि विद्यार्थ्याने कारणांचे वजन करून आपले मत मांडावे. दोन विद्यार्थ्यांची दोन उत्तरे निघाली आणि दोघांनीही पुरावा दिला, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळावेत. धड्यांची संख्या कमी करून दोन-तीन घटना सखोल शिकवाव्यात. आणि शिक्षकाला अशैक्षणिक कामांच्या वेठबिगारीतून सोडवून वाचनासाठी आणि प्रशिक्षणासाठी वेळ द्यावा. यांतल्या कोणत्याही मागणीला नवी इमारत लागत नाही.

पुस्तकात कोण असावे, यावर मोठी माणसे खुशाल भांडोत. वर्गात मात्र ‘का?’ आणि ‘तेव्हाच का?’ हे दोन प्रश्न निर्भयपणे विचारले गेले पाहिजेत. मागच्या बाकावरून उठलेल्या त्या मुलीला आम्ही त्या दिवशी “उद्या सांगतो” म्हणून खाली बसवले होते. तिच्या वयाच्या आजच्या मुलांना असे खाली बसवण्याची चैन महाराष्ट्राला परवडणारी नाही!