विहिरीची कांडी तापते तेव्हा आत काय होतं?

कपिलधार (ता. बीड) : मन्मथस्वामींच्या कपिलधारभोवतीचा सगळा पट्टा बालाघाटच्या डोंगराचा. इथं विहीर खोदायला घेतली की वरचा मुरूम संपतो आन् काळा पाषाण लागतो. मग सुरुंगाशिवाय काम सरकत नाही. विहिरींची कामं जोरात असतात ती उन्हाळ्यात, म्हणजे ऊन आणि स्फोटकं यांची गाठ दरवर्षी पडते.

गावात सगळ्याच कांड्यांना 'जिलेटिन' म्हणायची पद्धत आहे. आजकालच्या बहुतेक कांड्यांमध्ये मुख्य माल असतो अमोनियम नायट्रेट. लाकूड पेटायला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून माती टाकली की विझतं. या मालाचं तसं नाही. त्याचा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. गोणपाट टाका, माती टाका, तो आतल्या आत विघटित होत राहतो. उलट झाकल्यानं वायू कोंडतो, दाब वाढतो आणि धोका वाढतो.

गंजीसारखं तापतं

ओल्या कडब्याची गंज किंवा शेणखताचा ढीग आतून कसा गरम लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. स्फोटकाचंही असंच. तापलं की त्याचे रेणू तुटतात, तुटताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेनं आणखी रेणू तुटतात. थोडा माल असेल तर उष्णता बाजूनं निघून जाते. मोठा साठा असेल तर ती आतच साठते. अमोनियम नायट्रेट साधारण १७० अंशांना वितळतं आणि २१० अंशांच्या पुढं झपाट्यानं विघटित होऊ लागतं.

म्हणजे ४२ अंशांच्या उन्हात कांडी लगेच उडते, असं नाही. पण टोपी, म्हणजे डिटोनेटर, कांडीपेक्षा कितीतरी नाजूक असते. ती उष्णतेनं, ठिणगीनं, धक्क्यानंही उडू शकते. आणि खरा घात होतो तो आगीनं. पत्र्याच्या शेडात कांड्या, शेजारी डिझेलचा कॅन, वर कडबा, त्यात कुणाची तरी बिडी.

मुंबईत काय झालं होतं?

१४ एप्रिल १९४४. मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं व दारूगोळा एकत्र होता. दुपारी कापसातून धूर निघाला. अग्निशमनचे जवान दोनेक तास पाणी मारत होते. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात ६६ अग्निशमन जवान होते. त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतमध्येही गोदामाला आधी आग लागली, मग तिथलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं. २०० हून जास्त लोक मेले.

दोन्हीकडं आग आधी आणि स्फोट नंतर. मधला वेळ पळायचा असतो, बघायचा नाही. आपल्याकडं धूर दिसला की मोबाइल काढून गर्दी पुढं सरकते. तीच सवय जीव घेईल.

विहीर मालकानं काय करावं?

- परवानाधारक ब्लास्टरलाच काम द्या. परवाना डोळ्यांनी बघा.
- कांड्या आणि टोप्या कधीही एकत्र ठेवू देऊ नका.
- उरलेला माल घरात, गोठ्यात, कोठ्यावर ठेवून घेऊ नका. त्याच दिवशी परत न्यायला लावा.
- बार उडाला नाही तर गड्याला उकरायला उतरवू नका. ते काम ब्लास्टरचं.
- आग कांड्यांपर्यंत गेली तर विझवायच्या फंदात पडू नका. सगळ्यांना लांब न्या, ११२ ला फोन करा.

परवाना आणि साठ्याचे नियम कागदावर कडक आहेत. पण डोंगरातल्या विहिरीवर रोज अधिकारी येत नाही, तिथं मालक आणि गडीच असतात. मजुरी वाचवायला स्वस्तातला, बिनपरवान्याचा माणूस लावला तर विहिरीला पाणी लागेल की नाही ते नंतर कळेल, पण खाली उतरलेल्या गड्याचा जीव आधी टांगणीला लागेल.