काळ्या सोंगट्या आल्या म्हणून रडू नये



मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचा पट मांडला की पहिले भांडण होते ते रंगावरून. "काळ्या नगंत मला!" असे दोघेही ओरडतात. काळ्या आल्या म्हणजे निम्मा डाव हरलाच, असे पुष्कळांना वाटते. माझे मत तसे नाही. पांढऱ्याला एक खेळी आधी मिळते हे खरे. पण समोरच्याने काय केले ते बघून आपण उत्तर देतो. ते उत्तर मात्र ठरलेले पाहिजे.

हल्ली मोबाईलवर ढीगभर सुरुवाती सापडतात. आज सिसिलियन, उद्या फ्रेंच, आणि धड एकही येत नाही! कोणी म्हणतो, 'इंडियन डिफेन्स' खेळूया, नाव आपल्या देशाचे आहे. नाव आपले आहेच. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. त्याच धाटणीचे डाव १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळत. पण त्यात पटाचा मध्य आधी समोरच्याला द्यायचा आणि मग पोखरायचा असतो. ते नवशिक्याला पेलत नाही.

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद एकदम दहा डाव शिकवत नाहीत. आधी पाय रोवून उभे राहायला शिकवतात. आपणही तसेच करावे. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सारले, तर आपणही राजापुढचे दोन घरे सारावे. त्याने वजिरापुढचे सारले, तर आपणही वजिरापुढचे. मग घोडे आणि उंट बाहेर काढावेत व किल्लेकोट करावा.

काही पोरे चार खेळीत मात द्यायला बघतात. राजापुढचे प्यादे सारून दुसऱ्याच खेळीला वजीर तिरका पटाच्या कडेला आणतात. तेव्हा घाबरायचे नाही. आधी वजिराकडचा घोडा काढून मधले प्यादे राखावे. मग त्याने उंट काढला की राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून वजिराला हुसकावे. वजीर मागे येऊन पुन्हा डोळा ठेवील, तेव्हा दुसरा घोडा आडवा घालावा. क्रम उलटा झाला, तर वजीर मधले प्यादे खाऊन शह देतो आणि कोपऱ्यातला हत्तीही नेतो!

काळ्या सोंगट्यांनी काय होते, ते जुलै २०२५ मध्ये जगाने पाहिले. जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात झाला. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. शेवटच्या डावात दिव्याकडे काळ्या होत्या. तोच डाव जिंकून ती विजेती झाली.

पालकांना एक विनंती. घरी पोरांशी खेळताना देशी नियम की स्पर्धेचा नियम, ते आधी ठरवावे. प्यादे एकच घर चालणार असेल, तर वरचे उत्तर चालत नाही आणि उगाच वाद होतो.

आणि वर्गमित्रांनो, रंगासाठी भांडण नको. आळीपाळीने खेळूया. एक उत्तर धरा, महिनाभर तेच खेळा. रोज तोच रस्ता चालला की खड्डा कुठे आहे ते आपोआप कळते.