प्रेरणा नावाची पळवाट

मेक्सिकोच्या पारंपरिक विणकामापासून 'प्रेरणा' घेतल्याचे सांगणारी संगणकीय चित्रे आता ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणालाही मागाहून खोडता न येणाऱ्या सामाईक खातेवहीवर, नोंदवून विकली जातात. नोव्हेंबर २०२० मध्ये 'आर्ट ब्लॉक्स' हे व्यासपीठ सुरू झाल्यापासून या कलेची एक रीत ठरून गेली आहे. कलावंत अल्गोरिदम लिहितो; ग्राहकाने व्यवहार करताच त्या व्यवहारातून अंकाक्षरांची एक माळ निघते आणि तीच अल्गोरिदमचे बीज ठरते. बीजागणिक समभुज चौकोन, पायऱ्यापायऱ्यांची वळणे आणि कोचिनियल किड्याचा तांबडा रंग यांची निराळी जुळणी पडद्यावर उमटते. ती विशिष्ट जुळणी तोवर कोणी पाहिलेली नसते, कलावंतानेही नाही. या अपूर्वतेचे कौतुक करताना समीक्षा मूळ नक्षीसंबंधी मात्र 'प्रेरणा' हा एकच शब्द उच्चारते आणि पुढे सरकते.

हा शब्द मराठी समीक्षेला तरी निरुपद्रवी वाटू नये. भाषांतर, रूपांतर, प्रभाव, अनुकरण, वाङ्मयचौर्य या संज्ञांच्या सीमारेषांवर येथे शतकाहून अधिक काळ वाद झालेले आहेत. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) किंवा देवलांचा 'झुंझारराव' (१८९०) यांची चर्चा शेक्सपिअरचे नाव घेतल्यावाचून होऊ शकत नाही. घेणाऱ्याचे कर्तृत्व मान्य करण्यासाठी देणाऱ्याचे नाव पुसावे लागत नाही, हे त्या वादांतून निष्पन्न झाले. विणलेल्या वस्त्राच्या बाबतीत हा विवेक गळून पडतो, याचे कारण देणारी व्यक्ती तेथे 'परंपरा' या सामान्यनामात आधीच विरघळवलेली असते. लेखकाच्या मृत्यूची घोषणा बार्थने केली ती लेखकपद दीर्घकाळ उपभोगलेल्यांच्या संदर्भात. ज्या विणकरणीला ते पद कधी मिळालेच नाही, तिच्या अनामिकतेला त्या सिद्धांताचा आधार देणे हा वैचारिक आळस होय.

या कलेच्या समर्थकांचा आवडता युक्तिवाद वंशावळीचा आहे. माग हाच पहिला संगणक, असे ते म्हणतात. ताण्याचा धागा वर किंवा खाली, म्हणजेच एक किंवा शून्य. जॅकार्डचा १८०४ चा माग, त्याची छिद्रांची पत्रे, मग बॅबेज, मग आजचा अल्गोरिदम. वंशावळ खरी आहे, परंतु ती कोणाची? जॅकार्डने नक्षी विणकराच्या स्मृतीतून काढून पत्र्यांत भरली, आणि मग पत्रे ज्याच्या मालकीचे त्याची नक्षी झाली. मेक्सिकोतील कंबरमाग या घराण्यात बसतच नाही. तेथे ताण्याचे एक टोक झाडाला वा खांबाला बांधलेले असते आणि दुसरे विणकरणीच्या कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताण वाढतो, पुढे झुकली की सैलावतो. तिचा देह वजा केला तर मागे काठ्या आणि सूत एवढेच उरते. चियापासमधील त्सोत्सिल स्त्री हुइपिलवर नक्षी भरते तेव्हा ती ताण्याचे धागे मोजून बाण्याबरोबर जादा धागा हाताने घालत जाते. ही मोजणी आईपासून लेकीकडे आलेली असते. तिला नियम म्हणता येईल, पण त्या नियमाला विणणारीपासून वेगळे अस्तित्व नाही. म्हणून जॅकार्डशी जोडलेले नाते हे कंबरमागाचे कुळ सांगत नाही. नक्षी विणकरापासून तोडण्याचा इतिहास तेवढा सांगते, आणि तोही अभिमानाने.

भिन्नतेचा प्रश्न येथेच येतो. दोन हुइपिले सारखी नसतात आणि एका अल्गोरिदमची दोन चित्रेही सारखी नसतात, एवढ्यावरून दोहोंत साम्य शोधले जाते. परंतु हुइपिलातील फरक हा कोणीतरी केलेला निर्णय असतो. चौकोन चार दिशांच्या विश्वाचे चिन्ह म्हणून वाचणारे, पोशाखावरून गाव ओळखणारे वाचक त्या निर्णयाभोवती असतात. अल्गोरिदमच्या मर्यादा कलावंत विचारपूर्वक ठरवतो, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या मर्यादांच्या आतला फरक मात्र व्यवहाराच्या अंकाक्षरांतून येतो. त्याला यदृच्छा म्हणावे. ज्याच्या जागी दुसरे काही निवडता आले असते आणि ते निवडले गेले नाही, त्यालाच अर्थ लाभतो. चिन्हमीमांसेचा हा पहिला धडा आहे.

यावर शुद्धतेचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मेक्सिकन विणकाम स्वतःच संकरातून घडले: मेंढीची लोकर आणि पायमाग स्पॅनिशांनी आणले, साल्तियोचा सारापे त्यातूनच आला. ओआहाकातील तेओतित्लान देल व्हाये या सापोतेक गावात विणकरांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारासाठी पिकासो, मिरो, एशर यांच्या चित्रांचे गालिचे विणले. मग नक्षीवर मालकी कोणाची? पण हे उदाहरण आक्षेपकांनाच अडचणीत आणते. सापोतेक विणकराने पिकासो विणला तेव्हा त्याला नक्कल म्हटले गेले आणि पिकासोचे नाव गालिच्याबरोबर राहिले. संगणकावर सापोतेक पायरीनक्षी उमटते तेव्हा ती प्रेरणा ठरते आणि नाव राहते ते अल्गोरिदम लिहिणाऱ्याचे. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. नामोल्लेखाचे ऋण मात्र एकाच बाजूने वसूल होते.

या खातेवहीची ख्याती अशी की ती काही विसरत नाही. प्रत्येक फेरविक्री, प्रत्येक मालक तीत नोंदला जातो. पुनर्विक्रीतील वाटा कलावंताला मिळावा हे या कलेचे नैतिक भूषण म्हणून मिरवले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये 'ओपनसी' या बाजारपेठेने हा वाटा ऐच्छिक करण्याचे जाहीर केले, तेव्हा कलावंतांनी निषेध केला, आणि तो न्याय्य होता. पण निर्मितीच्या पुढील प्रत्येक लाभात निर्मात्याचा अंश असतो, हे तत्त्व अल्गोरिदमच्या कर्त्यापाशी येऊन थांबते कसे? त्याच्या मागे एक पायरी गेले की कमरेला पट्टा बांधून बसलेली स्त्री आहे. खातेवहीत तिच्यासाठी रकाना करता येत नाही असे नाही. तांत्रिकदृष्ट्या ती फार तर आणखी एका पत्त्याची नोंद आहे.

२०१९ मध्ये मेक्सिकोच्या संस्कृतिमंत्री आलेहांद्रा फ्राउस्तो यांनी कारोलिना हेरेरा या फॅशनगृहाला सारापेसह अनेक नक्षींच्या वापराबद्दल पत्राने जाब विचारला. उत्तरात 'मानवंदना' हा शब्द आला. प्रेरणेचाच हा सख्खा भाऊ. पुढे १७ जानेवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या संघीय कायद्याने आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समूहांचा आपल्या सांस्कृतिक वारशावरील सामूहिक हक्क मान्य केला आणि परक्या वापरासाठी त्यांच्या मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमतीची अट घातली. देशोदेशींच्या संगणकांवर पसरलेल्या खातेवहीपर्यंत हा कायदा कितपत पोहोचेल, हा वकिलांचा प्रश्न. समीक्षेला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्रमालिकेच्या परिचयात 'ओआहाकाच्या विणकामावरून' एवढे लिहून भागत नाही. त्या एका राज्यात सोळा आदिवासी लोकसमूह आणि ५७० नगरपालिका आहेत. गाव कोणते, माग कोणता, नक्षी कोणाकडून शिकली आणि विचारले होते का, हे परीक्षणात प्रथम लिहिले जावे. रंगसंगतीबद्दल त्यानंतर.