मामाच्या गावातली मामी

आपल्या वार्षिकांकात मामाच्या गावावर दरवर्षी निदान एक तरी ललितलेख असतोच. त्यात कौलारू घर असते, विहीर असते, आंब्याची आढी असते, आजीची गोधडी असते आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा सुस्कारा असतो. या लेखांविषयी मला आकस नाही. त्यांतले काही खरोखरच सुंदर आहेत. परंतु वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. या साऱ्या गावांत मामा आहे, आजी-आजोबा आहेत, बैलांचीसुद्धा नावे आहेत. मामी मात्र कोठे दिसत नाही. म्हणजे ती असते, पण ताटात वाढलेल्या पदार्थांच्या रूपाने. आंबरस होतो, कुरडया तळल्या जातात, अंथरुणे पडतात. सगळी क्रियापदे कर्मणी!

दोष केवळ आपल्या लेखकांचा नाही. आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातील शेटफळ्यात १९१९ साली जन्मलेल्या गदिमांनी आगगाडीतून मामाकडे निघालेल्या मुलांचे जे बालगीत लिहिले, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. त्यातही रोज गोडधोड करणारी बाई आहे, पण तिची ओळख मामाच्या नात्यापुरतीच. गाणे मुलांच्या तोंडचे आहे, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. आपण मात्र आता बालगीतांच्या वयाचे राहिलो नाही.

माझे म्हणणे एवढेच, की घरच्या घरी होणारी लहान मुलांची सुट्टीतली मजा फुकट असते हा आपला समज खोटा आहे. तिला पैसे पडत नाहीत, हे खरे. तिला माणसाचे तास पडतात, आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईचे असतात.

उदाहरण घरचेच देते. आमचे घर मलकापुरात, आगाशिवाच्या बाजूला. मे महिना लागला की माझी थोरली बहीण मुंबईहून दोन मुलांना घेऊन येते. एक सात वर्षांचा, एक चार वर्षांची. दादाची मुलगी पाच वर्षांची. अशी तीन डोकी, दोन खोल्या, एक गच्ची आणि बाहेर पुणे-बंगळूर महामार्ग. जुन्या ललितलेखांतली मुले सकाळी घरातून पळत आणि भूक लागली की परतत. इथे महामार्गाच्या वाहतुकीत चार वर्षांच्या मुलीला एकटी कोण सोडील?

म्हणून मजा आखावी लागते. पहाटे सहाच्या आत आगाशिवाचा डोंगर, कारण आठनंतर कातळ तापतो. जखिणवाडीच्या अंगाला तिथे साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती हीनयान पंथाची म्हणून ठाऊक. आमच्या मुलांना ती आवाज घुमणारी घरे म्हणून प्रिय. 'इथे कोण राहायचे?' असे विचारल्यावर वहिनीने सांगितले, की भिक्षू वर्षभर हिंडत आणि पावसाळ्यात एका जागी मुक्काम करीत. 'म्हणजे त्यांची सुट्टी पावसाळ्यात?' असा धाकटीचा निष्कर्ष. वर्षावासाची इतकी सोपी व्याख्या मला एकाही पुस्तकात आढळली नाही.

उतरल्यावर पाण्याचा खेळ. मलकापूरचे नाव मीटरने मोजून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून देशभर झाले आहे. मीटरमुळे नळाला रबरी पाइप लावून तासभर भिजणे आमच्याकडे चालत नाही. एक घंगाळ, तीन पेले आणि तेच पाणी नंतर जास्वंदीला, हा वहिनीने घालून दिलेला नियम. मुलांना मीटरची तक्रार नसते. उलट कोणाच्या पेल्यातून जास्त सांडले याचा काटेकोर हिशेब तीच ठेवतात.

मग वाळवणे. खरे सांगायचे तर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा खेळ हाच. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि पहाटे उठून शिजवायचा. गरम चीक दूध-साखर घालून वाटीत मिळतो, त्यासाठी ही तीन मुले हाक न मारता उठतात. सोऱ्यातून कुरडई घालताना एक वळसा प्रत्येकाच्या हातचा. त्या वाकड्या कुरडया वेगळ्या वाळतात आणि ज्याच्या त्याच्या नावाने तळल्या जातात. नंतर काठी घेऊन कावळे हाकायचे, हे काम सात वर्षांच्या माणसाला सेनापतिपदाहून कमी वाटत नाही. शिवाय रायवळ आंबे चोखून कोयी मोजणे, गुलमोहराच्या कळ्या फोडून आतल्या केसरांची झुंज लावणे, सागरगोटे, काचापाणी, गुलामचोर. रुजलेली कोय दगडावर घासून तिची पिपाणी करण्यासाठी मात्र पहिल्या पावसाची वाट पाहावी लागते, आणि तोवर मुंबईची मुले निघून गेलेली असतात. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे खरा.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने हेच करून दाखवले होते. दगड, शिंपले, पाने, बिया हीच त्यांची साधने; माँटेसरीबाईंची महागडी साधने गरिबांच्या मुलांना कोण घेऊन देणार? आपण या गोष्टीचा अर्धाच अर्थ घेतो. खेळणी विकत आणायची गरज नाही, एवढेच लक्षात ठेवतो. त्या दगड-शिंपल्यांजवळ एक जाणते माणूस बसलेले असायचे, हे विसरतो. कोसबाडला तेच माणसाचे काम होते. आमच्या घरी ते माणूस तीन खेळांच्या मध्ये बारा जणांच्या भाकरी थापून येते.

कारण वरच्या साऱ्या वर्णनात चुलीपुढे कोण होते, हे मी लिहिलेच नाही. डोंगरावर जायचे म्हणून वहिनी चारला उठते. घंगाळातले पाणी संपले की ओले कपडे तिचेच. दुपारी सगळे पंख्याखाली आडवे झाले, की ती गच्चीवरचे कापड सरकवायला जाते. बहीण चार दिवस माहेरपणाला आली आहे, तिने भांड्याला हात लावायचा नाही, हा आईचा दंडक. आणि त्यात चूक काही नाही, बहीण मुंबईत वर्षभर नोकरी आणि घर दोन्ही ओढते. पण एकीचे माहेरपण म्हणजे दुसरीचे दुप्पट सासरपण! वहिनी जूनमध्ये आठ दिवस पाटण तालुक्यात आपल्या माहेरी जाते, तेव्हा तिथे तिची भावजय हेच करते. आणि तिची भावजय माहेरी जाते तेव्हा... ही साखळी कोठे संपते ते मला दिसत नाही. मामा मात्र साखळीच्या बाहेर उभा असतो आणि गाव त्याच्या नावाने ओळखला जातो.

कोणी म्हणेल, हे एका घराचे रडगाणे झाले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या, पुरुष ९७ मिनिटे. हे पुरुष म्हणजे त्या दिवशी घरकामाला हात लावलेले. असे शंभरांत २६ निघाले, स्त्रिया ८१. मुलांना आणि घरातल्या माणसांना सांभाळण्याचा हिशेब वेगळा : स्त्रिया १३४ मिनिटे, पुरुष ७६. कुरडई घालता घालता गोष्ट सांगणारी बाई यांतल्या कोणत्या रकान्यात बसते, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाच विचारावे लागेल. मुलांना खेळण्याचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ व्या कलमात लिहिले आहे आणि भारताने ती १९९२ साली मान्य केली. विश्रांतीचा हक्क तर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्वांनाच दिलेला आहे. 'सर्वांना' यात मामी येते की नाही, हा प्रश्न मी राज्यशास्त्र विभागाकडे सोपवते.

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले : 'तिला आवडते.' होय, आवडते. मुलांशी खेळण्यात आमच्या घरात वहिनीचा हात धरणारे कोणी नाही. पण आवडीच्या कामाने माणूस थकत नाही, हा शोध कोणी लावला? आपल्या क्रिकेटच्या संघाला खेळ आवडतो म्हणून सामन्यानंतर कोणी त्यांना मैदान झाडायला लावत नाही.

दुसरे उत्तर आमच्या काही प्राध्यापकांचे. 'आमच्या लहानपणी आमच्याकडे कोणी बघत नव्हते. आम्ही दिवसभर नदीत असायचो.' सरांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणते, की ही आठवण सांगायला जे उरले त्यांचीच ती आठवण आहे. कृष्णा-कोयनेत पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात, त्या वाचून दिवसभर सुन्न व्हायला होते. आपल्या नद्यांचे पाणी दिसते तितके साधे नाही. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडतात. कोयनेच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडले, की काल गुडघ्याएवढी असलेली धार आज छातीला लागते. प्रीतिसंगमावर संध्याकाळी मुलांना नेणे हा आमच्या सुट्टीतला मोठा आनंद आहे. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतरावांची समाधी, बाग, भेळ. पण तिथे तीन मुलांमागे दोन डोळे सतत पाण्याकडे लागतात. ते डोळे लावून बसणे हेही कामच आहे. दिसत नाही, घाम येत नाही, म्हणून ते काम नव्हे असे नाही.

सुट्टीतल्या शिबिरांना आणि वॉटर पार्कला नावे ठेवण्याची आपल्याकडे फॅशन आहे. मी ठेवणार नाही. ज्या घरात आई-वडील दोघे नोकरीला आणि आजी अंथरुणाला, तिथे शिबिराची फी ही त्या डोळ्यांचीच किंमत असते. ती उघड मोजून दिली जाते, एवढाच फरक. आजचे पालक पैसे फेकून मोकळे होतात, असे म्हणणाऱ्यांनी एका दुपारी अकरा ते चार तीन मुले सांभाळून पाहावीत. आणि तीही हातात मोबाइल न देता.

आमच्या घरी गेल्या मे महिन्यात एक प्रयोग झाला. चार ते सात मुले दादाकडे. त्याची पहिली पाळी असते, साडेतीनला तो घरी येतो. पहिल्या दिवशी त्याने तिघांना गाडीवरून एक फेरी मारली आणि वीस मिनिटांत परत आणून 'आता काय?' असे विचारले. चौथ्या दिवशी लगोरी सुरू झाली, आठव्या दिवशी गल्लीतली आणखी पाच मुले आली. दादाला गोष्ट सांगता येते, हे आम्हाला तेव्हा कळले. त्यालाही बहुधा तेव्हाच. वहिनीला मात्र पहिले दोन दिवस मोकळ्या वेळेचे काय करावे ते सुचेना. ती तांदूळ निवडत बसली. नंतर एकदा आम्ही दोघीच प्रीतिसंगमावर गेलो. घाईने घास न कोंबता तिने भेळ खाल्ली आणि पाण्याकडे पाहिले, म्हणजे पाण्यात कोणी उतरले आहे का हे न पाहता नुसते पाण्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले आणि प्रयोग मोडला. आईचेही मत फारसे अनुकूल नव्हते. 'दमून आलेल्या माणसाला पोरे काय सांभाळायला लावता?' दमून आलेला आणि दमून घरातच असलेला यांत फरक कसा करायचा, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

मित्रहो, यात आपलाही वाटा आहे. परीक्षा संपल्यावर आपल्यापैकी कितीतरी जण दुपारभर पारावर नाहीतर पलंगावर असतात. आपल्यातला प्रत्येक जण कोणाचा तरी मामा, काका, आत्या किंवा मावशी आहे वा होणार आहे. दिवसाला दोन तास आणि पत्त्यांचा एक कॅट, एवढ्या भांडवलावर पुष्कळ काही होऊ शकते. मुलींना हे सांगावे लागत नाही, त्या आधीच लाटण्याशी उभ्या असतात. तेव्हा हा परिच्छेद मुलांनी दोनदा वाचावा.

यंदा गहू भिजत घालण्यापूर्वी दादाच्या सुट्टीचा वार पाहायचे ठरले आहे. चीक शिजवताना तो गुठळी होऊ न देता सारखा हाटावा लागतो आणि त्याला दंडात चांगली ताकद लागते. आपल्या जिमखान्यातले जे मित्र आरशासमोर दंड मोजत असतात, त्यांनीही आमच्या गच्चीवर यायला हरकत नाही. मात्र पहाटे पाचला यावे लागेल, आणि चिकाची पहिली वाटी मुलांची.